शिक्क्यातील तारीख

(घुग्घुस येथे कामगार व पालक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



घुग्घुसमध्ये मी परदेशच्या शिक्क्यांविषयी बोलणार आहे हे कळल्यावर एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला वाटेतच अडवले. ते म्हणाले, "येथे कोळशाविषयी बोला, सिमेंटविषयी बोला, वर्धेच्या पाण्याविषयी बोला. विमानतळावरच्या शिक्क्याचे या गावाला काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु त्याचे उत्तर त्यांच्याच घरात आहे, हे ते क्षणभर विसरले होते. त्यांचा नातू सध्या परदेशी नोकरीस आहे आणि येत्या हिवाळ्यात ते स्वतः पत्नीसह त्याच्याकडे जावयाचे आहेत.

हे गाव खाणीमुळे वाढले. तेलुगु, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी माणसे येथे पोटासाठी आली आणि मराठी माणसांच्या शेजारी राहिली. ज्यांचे आजोबा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आले त्यांची नातवंडे आता एका देशातून दुसऱ्या देशात जातात. प्रांत ओलांडताना आजोबांना कोणी तारीख घालून दिली नव्हती. नातवंडांना ती घालून दिली जाते, आणि ती नीट वाचली नाही तर काय होते, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक साधा भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक अनर्थ तेथूनच सुरू होतात. पारपत्र म्हणजे आपल्या सरकारने दिलेली ओळख. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाच्या दारापर्यंत येण्याची मुभा. आत गेल्यावर किती दिवस राहावयाचे ते मात्र बहुधा तिसऱ्याच गोष्टीवर ठरते, आणि ती गोष्ट म्हणजे दारावरच्या अधिकाऱ्याने आगमनाच्या वेळी लिहिलेली तारीख. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आपल्या लोकांना दहा वर्षांचा मिळतो. घरी आल्यावर तो सर्वांना दाखविला जातो आणि "दहा वर्षांची चिंता मिटली" असे म्हटले जाते. वस्तुतः त्या दहा वर्षांत दारापर्यंत कितीही वेळा जाता येते एवढाच त्याचा अर्थ. एका खेपेस राहावयास मिळतात ते साधारणपणे सहा महिने, आणि तेही अधिकाऱ्याने तसे नोंदविले तरच.

ही नोंद पूर्वी एका पांढऱ्या कार्डावर होत असे व ते कार्ड पारपत्रात टाचले जाई. सन २०१३ पासून विमानाने व जहाजाने येणाऱ्यांसाठी ती संगणकात होऊ लागली. ती आय-९४ या नावाने ओळखली जाते. पारपत्रावरही शिक्का मारून त्यात हाताने तारीख लिहिण्याचा रिवाज राहिला. म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या, आणि जेथे दोन नोंदी असतात तेथे त्या जुळतीलच असे नाही, हे खाणीतील हजेरीपट आणि पगारपत्रक ज्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

माझ्या नात्यातील एका दांपत्याची हकीगत सांगतो. दोघे ऑक्टोबरच्या आरंभी लेकीकडे गेले. एकाच रांगेतून, एकाच खिडकीवर, एकाच अधिकाऱ्यासमोर दोघे उभे राहिले. दोघांच्याही पारपत्रावर एप्रिलची तारीख लिहिली गेली. जावई व्यवस्थित स्वभावाचे. त्यांनी नोव्हेंबरमध्ये सहज म्हणून संगणकातील नोंद उघडून पाहिली, तेव्हा सासऱ्यांची तारीख एप्रिलची आणि सासूबाईंची जानेवारीची निघाली. असे का झाले ते अखेरपर्यंत कळले नाही. बाईंना इंग्रजी फारसे येत नाही. त्या एप्रिलपर्यंत निर्धास्त राहिल्या असत्या, तर त्यांच्या हातातील पारपत्र "तुम्ही वेळेत आहात" असे सांगत असताना सरकारच्या दप्तरात त्या तीन महिने मुदतबाह्य राहिल्या असत्या. सुदैवाने अशा चुका दुरुस्त करणारी कचेरी तेथे असते. पारपत्र, विमानाचे तिकीट आणि शिक्का दाखविल्यावर अर्ध्या तासात नोंद दुरुस्त झाली. शुल्क काही पडले नाही. सासूबाईंनी मला नंतर सांगितले, "भाऊजी, मी त्या अर्ध्या तासात जेवढी घाबरले तेवढी विमानातही घाबरले नव्हते."

दुसरी हकीगत इतकी सुखाची नाही. माझ्या पुतण्यास तेथे नोकरीचा तीन वर्षांचा परवाना मिळाला, आणि पत्नी म्हणून सूनबाईंनाही तेवढ्याच मुदतीचा मिळाला. मध्यंतरी ती माहेरी येऊन परत गेली. त्या वेळी तिच्या पारपत्राची मुदत संपावयास थोडेच महिने उरले होते. पारपत्र ज्या दिवशी संपते त्यापुढे मुक्काम द्यावयाचा नाही, असा विचार करून तेथील अधिकारी पुष्कळदा आगमनाच्या नोंदीत पारपत्राच्या अंतिम दिवसाचीच तारीख घालतात. तसेच झाले. पुढे या मुलांनी आपल्या वकिलातीकडून नवे पारपत्र वेळेत करून घेतले आणि काम झाले असे समजून ते कपाटात ठेवले. नवे पारपत्र आले म्हणून जुन्या नोंदीतील तारीख आपोआप पुढे सरकत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. मोटार चालविण्याचा परवाना नूतनीकरणास दिला तेव्हा खिडकीवरच्या बाईने सांगितले की तुमची मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपली आहे.

त्या देशाच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळ मुदतबाह्य राहून बाहेर पडणाऱ्यास तीन वर्षे परत प्रवेश नाही, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे नाही. पाच महिने गेले होते, जेमतेम एक उरला होता. वकिलाच्या सल्ल्याने सूनबाई लहान मुलाला घेऊन घाईघाईने भारतात आली. तीन वर्षांची बंदी टळली, परंतु मुदत एक दिवस जरी उलटली तरी जवळचा व्हिसा रद्द समजला जातो, असा तेथील नियम असल्याने तिला येथे नव्याने अर्ज करावा लागला. आठ महिने नवरा तिकडे आणि बायकोमुले इकडे, असे दिवस गेले. मुलाची शाळा बुडाली ती वेगळीच. यात कोणाची लबाडी नव्हती. शिकलेली, कायदा पाळणारी मुले होती. पारपत्राच्या तारखेवर नजर ठेवली, नोंदीच्या तारखेवर ठेवली नाही, एवढीच त्यांची चूक.

तारीख लिहिण्याच्या पद्धतीविषयीही येथेच सांगून टाकतो. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. शिक्क्यात महिना अक्षरांनी छापलेला असला तर प्रश्न येत नाही. परंतु हाताने नुसते आकडे लिहिले असतील तर ६ मे आणि ५ जून यांत महिनाभराचा फरक पडतो. त्याचप्रमाणे सहा महिने आणि १८० दिवस हेही एक नव्हेत. सहा महिने कधी १८१ दिवसांचे, कधी १८४ दिवसांचे असतात. ज्या देशाचा नियम महिन्यांत आहे तेथे महिने मोजावेत, ज्याचा दिवसांत आहे तेथे दिवस मोजावेत, आणि आगमनाचा दिवस धरतात की नाही ते विचारून घ्यावे.

युरोपातील शेंगेन करारातील देशांचा हिशेब याहून अवघड आहे. कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत मिळून ९० दिवस, असा तो नियम. तेथे पारपत्रावर प्रवेशाचा शिक्काच नसला तर मनुष्य मुदतबाह्य आहे असे प्रथमदर्शनी मानण्याची मुभा अधिकाऱ्यास असते आणि तसे नाही हे तिकिटे, पावत्या दाखवून सिद्ध करण्याचे ओझे प्रवाशावर पडते. शिक्का मारावयास विसरला अधिकारी, आणि पुरावा शोधावयाचा पाहुण्याने! सन २०२५ च्या १२ ऑक्टोबरपासून तेथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिने पुसट शिक्क्यांचा प्रश्न मिटेल. चुकलेल्या नोंदीचा मिटेलच असे मला वाटत नाही, कारण पुसट शिक्का निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

आता आखाताकडे वळू. आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलंगणाला लागून आहे आणि तेथील गावोगावची माणसे दीर्घकाळ आखाती देशांत मजुरीस जात आली आहेत. घुग्घुसमधील अनेक कुटुंबांचे सगेसोयरे त्यांत आहेत. अमेरिकेत मुदत उलटली तर दार बंद होते. आखातात दररोज पैसे चढतात. संयुक्त अरब अमिरातीत सन २०२२ पासून सर्व प्रकारच्या मुदतबाह्य वास्तव्यास दिवसाला ५० दिरहम असा एकसारखा दर झाला. दिवसाचा आकडा लहान वाटतो. वर्षाचा केला तर १८,२५० दिरहम होतात, म्हणजे आजच्या दराने चार लाख रुपयांहून अधिक. जो मनुष्य महिन्याकाठी हजार-बाराशे दिरहमांवर काम करतो त्याची ही वर्षाहून अधिक काळाची पूर्ण मजुरी झाली.

आणि येथे दोष बहुधा मजुराचा नसतो. त्या देशांत कामगाराचा निवास परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. त्याचे नूतनीकरण मालकाने करावयाचे. मालकाने ते केले नाही, धंदा बुडाला, किंवा मालक पसार झाला, तरी मुदतबाह्य ठरतो तो कामगार. पारपत्र मालकाच्या कपाटात असले तर तारीख वाचावयाची सोयही राहत नाही. दंड चढत जातो म्हणून मनुष्य कचेरीत जावयास भितो, भितो म्हणून लपून राहतो, आणि लपतो तितका दंड आणखी चढतो. ही गाठ कोणालाच सुटत नाही म्हणून ती सरकारे अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. अमिरातीने २०१८ मध्ये आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशी माफी दिली. सौदी अरबस्तानाने मार्च २०१७ पासून दिली. माफीच्या काळात दंड न भरता घरी परतता येते किंवा कागदपत्रे सुरळीत करून घेता येतात. परंतु ती वार्ता खेड्यातील बायकोला येथे कळते आणि वाळवंटातील नवऱ्याला तेथे कळत नाही, असेही घडले आहे. तेव्हा आपला मनुष्य तिकडे अडकला असेल तर माफीची बातमी येथून त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे घरच्यांचेही काम आहे.

या बाबतीत आपल्या सरकारची एक व्यवस्था फारच थोड्यांना ठाऊक असते. परदेशांतील आपल्या वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. दोष कामगाराचा नसल्यास त्याच्या लहानसहान दंडाची रक्कम आणि परतीचे तिकीट यांसाठी त्यातून साहाय्य होऊ शकते. ते मागावे लागते, आपोआप मिळत नाही. आणि जे अद्याप गेले नाहीत त्यांना एवढेच सांगतो, की दलालाने "आधी पर्यटक व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो" असे म्हटले तर तेथेच थांबावे. दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर तपासणी आवश्यक असा शेरा असतो आणि आखातासह ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी त्यांना घ्यावी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातील ही तरतूद पुष्कळांना अडवणूक वाटते. पर्यटक म्हणून गेलेल्याची नोंद मात्र या संरक्षकाच्या दप्तरात राहत नाही. पर्यटक व्हिसाची मुदत संपली की तो पहिल्या दिवसापासून दंडात असतो, आणि त्याने कोणत्या मालकाकडे काम केले हे सिद्ध करणेही कठीण जाते.

आतापर्यंत मी आपण पाहुणे असतो तेव्हाचे बोललो. आपण यजमान असतो तेव्हाची गोष्ट वेगळी नाही. ताडोबाचे वाघ पाहावयास परदेशी पाहुणे आपल्या जिल्ह्यात येतात. या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांच्या उभारणीसाठी परदेशी तंत्रज्ञ येऊ शकतात. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठविणे यजमानावर बंधनकारक आहे. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून चालते. ज्याला आपण वर्षानुवर्षे सी फॉर्म म्हणत आलो तो हाच. मोठ्या हॉटेलांना तो पाठ असतो. मोहर्लीच्या बाजूस घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या गृहस्थालाही तो तितकाच लागू आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. तो भरताना पारपत्र, व्हिसा आणि आगमनाचा शिक्का तिन्ही पाहावे लागतात. पाहुण्याला त्याची मुदत चुकलेली दिसण्याची हीच एक संधी असते. भारताच्या नेहमीच्या व्हिसाची मुदत तो दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आगमनाच्या दिवसापासून नव्हे. कित्येक परदेशी नागरिक येथेच चुकतात. त्यातच व्हिसा पाच वर्षांचा असला तरी एका खेपेस अमुक दिवसच राहावयाचे अशी अट पुष्कळदा असते. आपल्या आईवडिलांची अमेरिकेत जी गल्लत होते तीच त्यांची येथे होते.

चूक झाल्यास काय? १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा बाजूस सारून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५ हा एकच कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे मुदतबाह्य राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविण्याची तरतूदही आहे. त्यापूर्वीची एक घटना क्रिकेटच्या शौकिनांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशचा संघ कोलकात्यास खेळून परत निघाला तेव्हा सैफ हसन या तरुण खेळाडूचा व्हिसा दोन दिवसांपूर्वी संपल्याचे विमानतळावर ध्यानात आले. त्याला २१,६०० रुपये भरावे लागले. त्या वेळच्या दरपत्रकाप्रमाणे नव्वद दिवसांपर्यंतच्या चुकीस ३०० डॉलर पडत. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील अल्पसंख्याकांना तेवढ्याच चुकीस १०० रुपये पडत. म्हणजे त्याच संघातील हिंदू खेळाडूकडून हीच चूक झाली असती तर त्याने १०० रुपयांत विमान गाठले असते. छळामुळे देश सोडून आलेल्या निर्धन माणसास सवलत असावी, हा त्या दरामागचा हेतू योग्यच आहे. परंतु संघाबरोबर येऊन संघाबरोबर जाणाऱ्या दोन पाहुण्यांच्या दोन दिवसांच्या विसराळूपणास दोनशेपट फरकाने मोजावे, हे मला स्वतःला पटलेले नाही. शुल्क चुकीवर असावे. आश्रयाची सवलत आश्रितास वेगळी द्यावी.

आश्रिताचे म्हणताना आपल्याच जिल्ह्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चंद्रपूर शहरातील बंगाली कॅम्प आपणा सर्वांस ठाऊक आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात वसविण्यात आले. पुढे १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला आणि त्यांतील अनेक गावे त्या जिल्ह्यात गेली. जंगल तोडून त्यांनी भातशेती केली. सीमेवर मिळालेली चिठ्ठी, छावणीतील नोंद, जमिनीचा आदेश, अशा कागदांवरच्या तारखा त्यांना आयुष्यभर जपाव्या लागल्या. ज्यांचा कागद पुरात, आगीत किंवा वाळवीत गेला त्यांच्या नातवांना जातीच्या दाखल्यापासून जमिनीच्या फेरफारापर्यंत काय सोसावे लागते हे महसूल खात्यात काम केलेल्यांना विचारावे. शिक्का नाही म्हणजे मनुष्य आलाच नाही, असे दप्तर म्हणते, आणि तो मनुष्य तर समोर उभा असतो!

दप्तरालाही कधी माणसाकडे पाहावे लागते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे विमाने बंद झाली तेव्हा भारतात हजारो परदेशी नागरिक अडकले. त्यांच्या व्हिसाच्या मुदती एकामागून एक संपू लागल्या. केंद्र सरकारने त्या विनाशुल्क वाढवीत नेल्या. सप्टेंबर २०२१ मध्येही ३० तारखेपर्यंत वाढ देऊन दंड आकारला जाणार नाही असे जाहीर केले. इतर अनेक देशांनी आपल्या लोकांसाठी तसेच केले. पुष्कळ आईबाप तेव्हा मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेले आणि वर्ष-दीड वर्षाने परतले. परंतु त्यांतही ज्यांनी मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला त्यांना पुढच्या खेपेस कोणी अडविले नाही. "विमानेच बंद आहेत, अर्ज कशाला?" असे म्हणून जे स्वस्थ बसले त्यांना नंतर खुलासे द्यावे लागले.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगून माझे बोलणे आवरतो. शिक्का मारून पारपत्र हाती आले की खिडकीपासून बाजूला होण्यापूर्वी ते उघडून तारीख वाचावी. मागे रांग असते, अधिकारी घाईत असतो, आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा, कारण त्या क्षणी एका वाक्यात दुरुस्त होणारी चूक पुढे महिन्यांची होते. पती-पत्नी बरोबर असतील तर दोघांची पारपत्रे शेजारी ठेवून तारखा ताडून पाहाव्यात. जेथे संगणकातील नोंद पाहण्याची सोय आहे तेथे मुलांकडून ती पहिल्याच आठवड्यात काढून घ्यावी व कागदावर छापून ठेवावी. विमानात बसण्याचा कागद परतल्यावर फेकून देऊ नये. आपण वेळेत बाहेर पडलो याचा तोच पुरावा असतो. पारपत्राची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर आधी नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाकडून ते नवे करून घ्यावे आणि मगच प्रवासास निघावे. माझ्या सूनबाईची सारी कथा या एका गोष्टीने टळली असती. आणि मुदत उलटलीच असेल तर लपू नये. ज्या दिवशी कळले त्या दिवशी कचेरीत जावे.

सभेच्या सूचनेत पारपत्रे बरोबर आणण्यास सांगितले होते. दहा-बारा जणांनी ती आणलेली मला येथून दिसत आहेत. पुढच्या बाकांवर या. चष्मे काढा, आणि आपण एकेकाची तारीख वाचून पाहू.